पर्यायशब्दांचा भ्रम आणि आपली देवस्थाने

नैवेद्य आणि प्रसाद यांत फरक कोणता, हे आईचे बोट धरून देवळात येणाऱ्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. ताट तेच, खीर तीच. पण गाभाऱ्यात जाताना जो नैवेद्य असतो तो बाहेर येताना प्रसाद होतो. नैवेद्याच्या ताटाला बोट लावले तर चापट बसते, प्रसादाला लावले तर बसत नाही. तीर्थाला आपण पाणी म्हणत नाही. पुरोहिताला दक्षिणा देतो, कीर्तनकाराला बिदागी देतो, शिपायाला पगार देतो. तिघांच्या हातावर पडणारी रक्कम एखादे वेळी सारखीच असेल, तरी भटजींपुढे नोटा ठेवून "हा घ्या तुमचा पगार" असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. शब्दांच्या इतक्या बारीक छटा आपण पिढ्यान्‌पिढ्या न चुकता सांभाळीत आलो आहोत.

हाच समाज आपल्या देवस्थानची घटना इंग्रजीत लिहावयास बसला म्हणजे मात्र त्याची ही सारी जाण कोठे लोपते कळत नाही. तेथे 'मॅनेज' आणि 'ॲडमिनिस्टर' एकच. 'ट्रस्टी' आणि 'मॅनेजर' एकच. 'कम्युनिटी', 'कास्ट', 'सेक्ट', 'डिनॉमिनेशन' हे चारही शब्द एकाच पिशवीतले. कोशात एकापुढे दुसरा छापलेला आहे ना, मग झाले! जो शब्द कानाला भारदस्त वाटेल तो घालावा, आणि शंका आलीच तर दोन्ही घालावेत. आमच्या पाहण्यात आलेल्या एका देवस्थानच्या घटनेत कार्यकारी मंडळाने देवळाचे 'मॅनेज, ॲडमिनिस्टर, कंट्रोल अँड सुपरवाइज' करावे असे म्हटले आहे. चार क्रियापदे, आणि त्यांतील एकाचीही व्याख्या नाही. लिहिणाऱ्याला वाटले असेल की चार खिळे ठोकले म्हणजे फळी पक्की बसली. प्रत्यक्षात फळीला चार भोके पडली आहेत.

यावर ठरलेले उत्तर असे की हा वकिली कीस आहे. सामान्य भाविकाला त्याच्याशी काय कर्तव्य? भाविकाला कीस नको हे खरे. पण त्याचे देऊळ ज्या कागदावर उभे आहे तो कागद न्यायालयात जातो, आणि तेथे कीसच पडतो. 'ध'चा 'मा' झाल्याची जी कथा नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशी जोडून आपण सांगत आलो, ती इतिहासाला कितपत मानवते हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु एका अक्षराने माणूस जातो हे ज्या समाजाला कथेतून पटते, त्याला एका शब्दाने देवस्थान जाते हे पटू नये याचे नवल वाटते. कायद्याच्या अर्थनिर्णयाचा एक जुना दंडक आहे: एकाच लेखात दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द योजले असतील तर लिहिणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी अभिप्रेत होत्या असे धरून चालावे. शाळेतल्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला तर गुरुजी लाल रेघ मारीत. कायद्याच्या लेखात तीच गोष्ट दुसऱ्या शब्दाने सांगितली तर न्यायाधीश रेघ मारतात. आपले घटनाकार अजून गुरुजींनाच भिऊन लिहीत आहेत.

शब्दांच्या जोड्या लावण्याची ही खोड आली तरी कोठून? ती इंग्रजांची, आणि त्यांच्याकडे तिला कारण होते. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच आणि रयतेची इंग्रजी झाली. दस्त दोघांनाही कळावा म्हणून घरचा एक शब्द आणि परका एक शब्द शेजारी बसू लागले. 'गुड्स' घरचा, 'चॅटल्स' फ्रेंचांचा. 'विल' घरचा, 'टेस्टमेंट' लॅटिनातून आलेला. ती जोडी म्हणजे दोन भाषांचे एकाच अर्थाचे दुहेरी कुलूप होते. आपण ते कुलूप उचलून आणले आणि जेथे दाराला कडीही नाही तेथे टांगले. त्यांच्या जोडीत अर्थ एक आणि शब्द दोन होते. आपल्या जोडीत शब्द दोन आणि अर्थही दोन आहेत. आपण मात्र ते एक समजतो.

आता 'मॅनेज' आणि 'ॲडमिनिस्टर' हीच जोडी घ्या. भारतीय संविधानाच्या सव्विसाव्या अनुच्छेदात हे दोन्ही शब्द हाताच्या अंतरावर आले आहेत. प्रत्येक धर्मसंप्रदायाला किंवा त्याच्या कोणत्याही शाखेला धर्माच्या बाबतीत आपले व्यवहार 'मॅनेज' करण्याचा हक्क आहे, असे एक कलम म्हणते. आपली मालमत्ता 'कायद्यानुसार ॲडमिनिस्टर' करण्याचा हक्क आहे, असे दुसरे म्हणते. मराठीत दोन्हीला आपण सहज 'व्यवस्था पाहणे' म्हणतो. पण उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचे स्वामी लक्ष्मींद्रतीर्थ जेव्हा मद्रासच्या धर्मादाय आयुक्ताविरुद्ध न्यायालयात गेले, तेव्हा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने या दोन कलमांच्या भाषेवरच बोट ठेवले. धर्मविषयक व्यवहारांची व्यवस्था हा मूलभूत हक्क असून कोणत्याही विधिमंडळाला तो काढून घेता येत नाही. मालमत्तेचा कारभार हाही हक्कच, पण त्याला कायद्याने नियम घालता येतात. मात्र नियम घालण्याच्या नावाखाली तो कारभार संप्रदायाच्या हातून सर्वस्वी काढून दुसऱ्याकडे सोपविला, तर तेही संविधानाविरुद्ध होईल, असेही न्यायालयाने बजावले. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेला हा निकाल देवस्थानच्या प्रत्येक चिटणीसाने एकदा तरी वाचावा. हिंदू देवदेवस्थानांच्या कायद्यावर त्यांचे टागोर व्याख्यान म्हणून दिलेले विवेचन आजही प्रमाण मानले जाते, त्यामुळे शब्दांची जात ओळखणारा माणूस तेथे बसला होता हे आपले भाग्यच.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. पालखी कोणत्या वाटेने जावी, अभिषेकाला कोणते द्रव्य असावे, उत्सवमूर्ती कोणी उचलावी, हे पहिल्या कलमात येते. दुकानगाळ्यांचे भाडे, शेतजमिनीचा खंड, हिशेबतपासणी हे दुसऱ्यात. ज्या घटनेने "मंडळ देवळाच्या सर्व व्यवहारांचे ॲडमिनिस्ट्रेशन करील" असे एकच वाक्य लिहून ठेवले, तिने पालखी आणि गाळेभाडे एकाच गाठोड्यात बांधले. उद्या खात्याचा अधिकारी येऊन म्हणेल की 'ॲडमिनिस्ट्रेशन'ला नियम घालता येतात, आणि तुमच्याच कागदाप्रमाणे पालखीही त्यातच आहे. त्याचे म्हणणे शेवटी टिकणार नाही, हे मान्य. पण ते खोडून काढण्यात जी वर्षे आणि जो पैसा जाईल तो देवाचा.

'ट्रस्टी' या शब्दाची कथा याहून जुनी आहे. इंग्रजी कायद्यातला ट्रस्टी हा मालमत्तेचा कायदेशीर मालक असतो. उपभोगाचा हक्क मात्र दुसऱ्याचा. आपल्याकडे मठाधिपती, महाजन किंवा शेबाइत हे मालक कधीच नव्हते. मालक देव किंवा ती संस्था, आणि हे तिचे कारभारी. १९२१ साली विद्यावारुथी तीर्थस्वामी यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे हाच प्रश्न आला. पूर्वीच्या मठाधिपतीने मठाची जमीन कायमच्या पट्ट्याने दिली होती आणि नंतरचे स्वामी ती परत मागत होते. स्वामींना 'ट्रस्टी' म्हटले असते तर मुदतीच्या कायद्यातील एक विशिष्ट कलम लागू पडून दावा मुदतबाह्य ठरण्याचा धोका होता. अमीर अली यांनी निकालात स्पष्ट केले की मठाधिपती हा इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नव्हे. आणि ते कलम गळून पडले. जमीन वाचली ती एक शब्द नाकारल्यामुळे. पुढे १९२९ साली विधिमंडळाला मुदतीच्या कायद्यात अशा देवस्थान-मालमत्तेसाठी स्वतंत्र कलमे घालावी लागली. आणि आपण? आपण त्याच शब्दाचे 'विश्वस्त' असे मराठी रूप करून दरवाजावर पितळी पाटी लावतो, निवडणुका लढवितो, आणि त्या पाटीवरच्या शब्दात काय दडले आहे ते विचारीतही नाही.

या शब्दाच्या बाबतीत आम्हा हैदराबादकरांना तर दोनदा अनुवाद भोगावा लागला. निजामी राजवटीत देवळांचा आणि मशिदींचा कारभार पाहणारे खाते एकच होते, उमूर-ए-मजहबी. इंग्रजी कागदांत त्याला 'एक्लेझिआस्टिकल डिपार्टमेंट' म्हणत. हा शब्द ख्रिस्ती चर्चच्या व्यवस्थेतला, म्हणजे देवळाला नाव मशिदीच्या खात्याचे आणि खात्याला नाव चर्चचे! जुन्या कागदपत्रांत हिंदू देवळाच्या कारभाऱ्याला 'मुतवल्ली' म्हटलेले आढळते. वास्तविक मुतवल्ली हाही मालक नव्हे, कारभारीच. त्या दृष्टीने तो 'ट्रस्टी'पेक्षा आपल्या कल्पनेला अधिक जवळचा. राज्य गेले, भाषा बदलली, आणि मुतवल्लीचा एका रात्रीत ट्रस्टी झाला. इनामांचेही तसेच. 'मदद मआश' म्हणजे माणसाच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन, आणि 'मशरूत-उल-खिदमत' म्हणजे सेवा चालू राहील या अटीवर दिलेली. उर्दू दप्तरात हे दोन शब्द कधी एकमेकांच्या घरात शिरले नाहीत. इंग्रजी तक्त्यात दोन्हींना 'इनाम' किंवा 'ग्रँट' म्हटले की देवाच्या पूजेसाठी दिलेली जमीन पुजाऱ्याच्या नातवाला आजोबांची इस्टेट वाटू लागते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात पुन्हा सांगावे लागले की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी हा व्यवस्थापक. मालकीच्या रकान्यात नाव देवाचेच लागेल. इतक्या उघड गोष्टीसाठी दिल्लीपर्यंत जावे लागते, कारण गावच्या दप्तरात कोणीतरी दोन शब्दांना एक समजून लिहिलेले असते.

आमच्या अंबरपेठेच्या उत्तरेला उस्मानिया विद्यापीठ आहे. १९१८ साली उर्दू माध्यमातून ते सुरू होण्याआधीच, १९१७ मध्ये, एक दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतरगृह, स्थापन झाले होते. वैद्यकापासून कायद्यापर्यंतच्या इंग्रजी संज्ञांना उर्दू प्रतिशब्द ठरविताना तेथे विषय जाणणारा आणि भाषा जाणणारा अशा दोघांनाही बसवून चर्चा होत असे. त्या राजवटीविषयी आमचे मत काहीही असो. एकेका शब्दासाठी माणसे बसविण्याची ती शिस्त उचलण्याजोगी होती. आज देवस्थानची घटना लिहिताना वर्गणीची यादी करायला पाच माणसे बसतात, आणि शब्द ठरवायला टंकलेखक एकटा पुरतो.

आता ज्या शब्दाने आपल्याच समाजाचे देऊळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले त्याकडे वळू. दक्षिण कानडातील मुल्कीचे वेंकटरमण देवस्थान गौड सारस्वतांचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून जी कुटुंबे दक्षिणेला उतरली, त्यांच्या वसाहतींतील हे एक जुने देऊळ. मद्रास सरकारने १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि त्याविरुद्ध देवस्थानच्या कारभाऱ्यांनी १९४९ मध्ये दावा लावला. राज्यपुनर्रचनेनंतर दक्षिण कानडा म्हैसूर राज्यात आल्यामुळे तो 'वेंकटरमण देवरु विरुद्ध म्हैसूर राज्य' या नावाने ओळखला जातो. १९५७ साली न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी निकाल दिला. सारा प्रश्न दोन शब्दांचा होता. सव्विसाव्या अनुच्छेदातील 'डिनॉमिनेशन', आणि पंचविसाव्यातील 'पब्लिक कॅरेक्टर' असलेल्या हिंदू धर्मसंस्था. कारभाऱ्यांचा युक्तिवाद असा, की देऊळ एका संप्रदायाचे आहे, म्हणून ते 'पब्लिक' नव्हे. न्यायालयाने पहिला अर्धा भाग मान्य केला: होय, हे संप्रदायाचेच देऊळ. दुसरा अमान्य केला: लोकांच्या एका वर्गासाठी असलेले देऊळही 'पब्लिक'च. 'पब्लिक'च्या विरुद्ध शब्द 'प्रायव्हेट', 'डिनॉमिनेशनल' नव्हे. तेव्हा सर्व हिंदूंना दर्शनाचा हक्क, आणि काही विशिष्ट विधींच्या वेळी केवळ संप्रदायाच्या लोकांनीच उपस्थित राहण्याची रूढीही कायम, मात्र त्यामुळे इतरांचा हक्क नावापुरता उरता कामा नये. दोन कलमांचा मेळ घालणारा निकाल म्हणून कायद्याच्या वर्गात तो आजही शिकविला जातो.

आमचे मत विचाराल तर निकाल न्याय्य होता. दार उघडले याचे दुःख करण्याचे कारण नाही. आमच्या अंबरपेठेत महाकाळीच्या बोनालूला डोक्यावर घट घेऊन येणाऱ्या बाईला तिचे कूळ कोणी विचारीत नाही, आणि देवीचे काही उणे होत नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे. मुल्कीच्या कारभाऱ्यांनी निदान कोणता शब्द हवा हे ठरवून लढा दिला. त्यांचे देऊळ 'डिनॉमिनेशनल' ठरले आणि विधींची जुनी व्यवस्था त्यामुळेच टिकली. आज शहरोशहरी निघालेल्या आपल्या संस्थांच्या घटना उघडून पाहा. कोठे 'कम्युनिटी टेंपल', कोठे 'टेंपल ऑफ द कास्ट', कोठे 'सोशिओ-कल्चरल असोसिएशन'. 'कास्ट' म्हणजे ज्ञाती. ती जन्माने ठरते. 'डिनॉमिनेशन' म्हणजे काय, ते शिरूर मठाच्या निकालात ऑक्सफर्डच्या कोशावरूनच ठरविले गेले: समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतःचे वेगळे नाव, ही तीन लक्षणे. संविधानाच्या मराठी पाठात त्यासाठी 'संप्रदाय' हा शब्द आहे, आणि तो चपखल आहे. आता आपल्याच ज्ञातीत वैष्णव आहेत आणि स्मार्त आहेत. कोणी काशी मठाचे, कोणी पर्तगाळीचे, कोणी कवळ्याचे शिष्य. ज्ञाती एक, गुरुपरंपरा अनेक. मग सव्विसाव्या अनुच्छेदाचे कवच मागायचे असेल तर ते ज्ञातीच्या नावाने मिळेल की गुरुपरंपरेच्या, हा विचार घटना लिहिताना करायचा की खटला उभा राहिल्यावर?

खटला उभा राहिल्यावर उशीर होतो याचा दाखला पाँडिचेरीने दिला आहे. ऑरोव्हिलचा ताबा केंद्र सरकारने घेतला तेव्हा अरविंदांच्या अनुयायांनी आम्ही धर्मसंप्रदाय आहोत असा दावा केला. १९८२ च्या निकालात न्यायालयाच्या बहुमताने तो फेटाळला. आणि कारणांमध्ये काय होते? त्यांच्या सोसायटीच्या स्वतःच्या नोंदणीपत्रातील उद्दिष्टांची भाषा, आणि आयकराच्या सवलतीसाठी संशोधनसंस्था म्हणून त्यांनी स्वतःच केलेले अर्ज. ज्या शब्दांनी कर वाचविला त्याच शब्दांनी हक्क घालविला. याउलट रामकृष्ण परमहंसांच्या अनुयायांना १९९५ साली न्यायालयाने सांगितले की तुम्ही हिंदूंहून वेगळा 'रिलिजन' नव्हे, पण 'रिलिजस डिनॉमिनेशन' आहात. एक शब्द गेला आणि दुसरा राहिला. २०१८ च्या शबरीमला निकालात बहुमताने अय्यप्पाच्या भक्तांना हा दुसराही शब्द नाकारला, आणि २०१९ मध्ये त्यातून निघालेले प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविले गेले. तेव्हा 'सोशिओ-कल्चरल' हे विशेषण कानाला आधुनिक वाटते म्हणून जे ते घालतात, त्यांनी आपण कोणते विशेषण त्या बदल्यात घालवीत आहोत ते एकदा पाहून घ्यावे.

'कॉन्ट्रिब्यूशन', 'टॅक्स' आणि 'फी' या त्रिकुटाविषयी फार लिहीत नाही. मद्रासच्या १९५१ च्या कायद्याने देवस्थानांकडून उत्पन्नावर पाच टक्क्यांपर्यंत जी वसुली ठरविली तिला नाव दिले होते 'कॉन्ट्रिब्यूशन'. मराठीत याला वर्गणी म्हणतात, आणि वर्गणी म्हणजे गणपतीला स्वखुशीने देतात ती. शिरूर मठाच्या निकालात न्यायालयाने नावाचा पडदा बाजूला करून विचारले, या पैशाच्या बदल्यात देवस्थानला विशेष सेवा मिळते काय, आणि तो पैसा त्याच कामासाठी वेगळा ठेवला जातो काय? नाही, मग ही 'फी' नव्हे, 'टॅक्स' आहे, आणि असा कर बसविण्याचा अधिकार राज्याला नाही. त्याच वर्षी रतिलाल गांधी यांच्या प्रकरणात मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील वसुली मात्र 'फी' म्हणून टिकली, कारण तेथे निधी वेगळा होता. सेवा आणि शुल्क यांचा मेळ रुपया-आण्याने बसावा ही अट न्यायालयांनी पुढे सैल केली, १९८५ च्या कालिकत महापालिकेच्या निकालात ते दिसते. म्हणून आज हा फरक पूर्वीइतका धारदार राहिलेला नाही. शब्दांचेही वय होते.

जाता जाता 'आयडॉल' या शब्दाविषयी. इंग्रजीत त्याला खोट्या देवाचा वास आहे, आणि तोच शब्द आपले न्यायालयीन अहवाल देवाच्या मूर्तीसाठी शंभर वर्षे वापरीत आहेत. तरीही १९२५ साली प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही नुसती जंगम वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, असे म्हटले. तेथे इंग्रजी शब्द हलका होता, पण न्यायाधीशांनी अर्थ हिंदू शास्त्रातून घेतला. आपल्या घटनांतून आम्ही याच्या उलट पाहतो: 'डेइटी' हा चांगला शब्द कागदावर असतो, आणि जडजंगमाच्या यादीत मूर्ती चांदीच्या समयांच्या खाली तोळ्यांत मोजलेली असते.

काही मित्र म्हणतील, हे इंग्रजीच नको. घटना मराठीत किंवा कोंकणीत लिहा. लिहा, जरूर लिहा; पण 'विश्वस्त' आणि 'व्यवस्था' या दोन शब्दांत सगळे इंग्रजी ओतून ठेवलेली मराठी घटना काय कामाची? गोव्याच्या देवळांत महाजन वेगळा आणि कुळावी वेगळा. महाजनाला देवळाच्या कारभारात मत आहे, कुळाव्याचे कुलदैवत तेथे आहे. मानकऱ्याचा मान आणखी निराळा. पोर्तुगीज सरकारने देवळांसाठी नियम केले तेव्हा त्यांनीही 'महाजन' हा शब्द भाषांतरित न करता तसाच उचलून 'मझानिया' हा शब्द बनविला. परक्याला जे सुचले ते आपल्याला सुचत नाही, आणि आपण महाजन, कुळावी, मानकरी, सगळ्यांना 'मेंबर' करून टाकतो. मग वार्षिक सभेत ज्याचे कुलदैवत पिढ्यान्‌पिढ्या तेथे आहे त्याला मत नाही म्हणतात, आणि जो परवा पावती फाडून आला तो अध्यक्ष होतो. आपले शब्द इंग्रजी मजकुरातही देवनागरी वळणाने तसेच ठेवावेत, प्रत्येकाची व्याख्या पहिल्या पानावर द्यावी, आणि मग तोच शब्द शेवटपर्यंत, कंटाळा येईपर्यंत, वापरावा. भाषेची शोभा उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत दाखविता येते.

तेलंगणात हे अधिक निकडीचे आहे. आंध्र प्रदेशाच्या १९८७ च्या कायद्याने वंशपरंपरागत ट्रस्टी ही संस्थाच रद्द केली, आणि राज्यविभाजनानंतर तोच कायदा तेलंगणानेही चालू ठेवला. हैदराबादच्या पन्नालाल पित्ती यांनी त्याला आव्हान दिले तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम केली. मात्र संस्थापकाच्या घराण्याला मंडळात स्थान राहावे अशी वाट ठेवली. म्हणजे ज्या घराण्याच्या कागदात 'हेरेडिटरी ट्रस्टी' एवढेच लिहिले आहे, त्याच्या हातचा शब्द गेला. आणि ज्याच्या कागदात पणजोबांना 'फाउंडर' म्हटले आहे त्याच्या हाती काहीतरी उरले. दोन्ही शब्द त्या पणजोबांनाच लागू होते. लिहिणाऱ्याने एक निवडला, कारण त्या दिवशी तो त्याला अधिक रुबाबदार वाटला.

आणि घटना बदलायला सर्वसाधारण सभा लागते, गणपूर्ती लागते, हे सारे मान्य करून ज्यांना उद्या सकाळीच काही करावयाचे आहे त्यांनी पावतीपुस्तक उघडावे. भाविक खिडकीशी येऊन म्हणतो, "हे देवाला." आतला कारकून 'डोनेशन' छापलेली पावती फाडतो. देवाला वाहिलेले ते अर्पण. संस्थेला दिली ती देणगी. आणि मूळ धन म्हणून कायम राखण्यासाठी दिला तो कायम निधी. १९६१ च्या आयकर कायद्याने या तिसऱ्या प्रकाराला, देणाऱ्याने तसा स्पष्ट निर्देश दिला असेल तरच, निराळी वागणूक दिली. म्हणजे निर्देशाचा पुरावा हवा, आणि तो त्या चिठोऱ्यावरच राहू शकतो. पावतीवर तीन चौकोन छापायला छापखान्याला एका ओळीचे काम पडेल. कारकुनाने फक्त विचारायचे, यांतल्या कोणत्यावर खूण करू?